केंद्राची नोकरी, खानापूरचं घर

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलेल्या मुलामुलींपुढे नोकरीच्या वाटा मोजक्याच असतात. कर्नाटक सरकारची नोकरी हवी तर कन्नडची परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमात शिकलेल्याला कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये, तहसीलदार कचेरीत त्याचं अडत नाही. पण परीक्षेत कन्नड निबंध लिहायचा म्हटलं की हात थांबतो. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना त्यानं आपल्या नोकऱ्यांचं दार उघडलं आहे, तरी तिथवर पोचताना दाखल्यांची रांग मोठी. उरतं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं एखादं वर्कशॉप, साखर कारखान्याचा हंगाम, गोव्यातली कंपनी किंवा फौज. म्हणून केंद्र सरकारची कचेरीतली नोकरी म्हणजे काय, ती घ्यावी का, हे मला पुष्कळ जण विचारतात. विशेषतः मुली. त्यांना एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून मी त्यातून कशी गेले ते सगळंच लिहिते. खात्याचं नाव मात्र लिहीत नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

मी कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर पातळीवरची परीक्षा दिली, २०१७ च्या भरतीची. बायकांना त्या परीक्षेला फी नसते. आमच्या घरी तेव्हा हीच गोष्ट निर्णायक ठरली, कारण क्लासचे पैसे भरून झाल्यावर आणखी काही मागायची सोय नव्हती. पहिली परीक्षा बेळगावातच झाली. बुद्धिमापन, सामान्यज्ञान, गणित आणि इंग्रजी, प्रत्येकी पंचवीस प्रश्न, एक तास, आणि चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण वजा. पेपर इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत. मराठी माध्यमाच्या पोरांची खरी कसोटी इंग्रजीच्या पंचवीस प्रश्नांत लागते, गणितात नव्हे. तेव्हा तिसऱ्या टप्प्यात निबंध आणि पत्र हातानं लिहायचं असे, तो पेपर मी हिंदीत दिला. लिपी एक असल्यानं वेग साधला. आता तो टप्पा राहिलेला नाही.

मग भरती न्यायालयात अडकली आणि अंतिम निकाल लागला नोव्हेंबर २०१९ मध्ये. एवढा काळ घरात बसून काढणं मुलीला सोपं नसतं. स्थळं येत राहतात, शेजारीपाजारी विचारत राहतात. मी त्या काळात नंदगडला एका दुकानाचे हिशेब लिहीत होते. केंद्राच्या नोकरीचा पहिला तोटा नोकरी लागायच्या आधीच सुरू होतो, तो हा. हाताशी दुसरं काही तरी ठेवूनच या परीक्षेला बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सीमाभागातल्या मुलांचं गाडं इथंच रुततं. पहिलं म्हणजे जातीचा दाखला. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत ३-बी मध्ये येतो, पण ते राज्याचं वर्गीकरण. केंद्राच्या यादीचा त्याच्याशी संबंध नाही. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, काढलेला ३-बी चा दाखला दिल्लीच्या भरतीत चालत नाही, आणि हे कित्येकांना पडताळणीच्या टेबलापाशी कळतं. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा आहेत. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांहून कमी लागते, आणि दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो. तो नमुना छापून नाडकचेरीत हातात घेऊनच जावं.

दुसरं, नाव. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव मराठी वळणानं इंग्रजीत लिहिलेलं होतं. आधारवर ते कन्नड वळणानं चढलं, 'टी'च्या पुढे एक 'एच' घेऊन. बँकेत तिसरंच. पडताळणीला ही तिन्ही कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली जातात. मी प्रतिज्ञापत्र करून नेलं होतं, आणि आधार आधीच दुरुस्त करून घेतलं होतं. बारावीतल्या प्रत्येक मुलानं हे आजच करून घ्यावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. नेमणुकीआधी साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) भरून द्यावा लागतो आणि पोलीस पडताळणी होते. त्यात विचारलेलं असतं: कधी अटक झाली का, गुन्हा नोंदला गेला का, खटला चालू आहे का. आमच्याकडे १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, सीमाप्रश्नाच्या निषेध फेरीत गेलेल्या, फलक लावलेल्या, मोबाईलवर काही लिहिलेल्या पोरांवर गुन्हे नोंदलेले असतात. पोरं चांगली, शिकलेली. त्यांना वाटतं, हे लिहिलं तर नोकरी जाईल, म्हणून 'नाही' लिहितात. नमुन्याच्या वरच ताकीद छापलेली असते की माहिती दडवली तर अपात्र ठराल. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याचा सविस्तर विचार केला आहे. किरकोळ प्रकरण खरेपणानं सांगितलं असेल तर नेमणूक देणाऱ्याला त्याचा सहानुभूतीनं विचार करता येतो. गुन्हा असण्यापेक्षा तो लपवणं महाग पडतं, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते.

माझी नेमणूक मुंबईला झाली, २०२० मध्ये. वेतनश्रेणी लेव्हल ४, मूळ पगार २५,५००. त्यावर १७ टक्के महागाई भत्ता, मुंबई असल्यानं २४ टक्के घरभाडं, प्रवास भत्ता. पेन्शन योजनेची दहा टक्के वर्गणी आणि बाकीच्या कपाती जाऊन हातात साडेछत्तीस हजारांच्या आसपास. त्याच वर्षी केंद्रानं महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले होते. जुलै २०२१ मध्ये दर एकदम २८ टक्क्यांवर आला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी कुणालाच मिळाली नाही. घरभाडं भत्ता सहा हजारांच्या थोडा वर, आणि मुंबईत त्या पैशात खोली कुठली? मी दोघींबरोबर जागा वाटून घेतली. पुढं सरकारी वसाहतीत क्वार्टर मिळालं, तेव्हा भत्ता बंद झाला, पण छप्पर पक्कं झालं. नव्यानं लागलेल्यांनी क्वार्टरचा अर्ज पहिल्या महिन्यातच टाकावा.

काम कसं असतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. आलेलं टपाल नोंदवायचं, ई-ऑफिसवर फाइल उघडायची, टिपणी लिहायची, मसुदा वर पाठवायचा. वरून शेरा येतो, मसुदा परत येतो, पुन्हा लिहायचा. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत, संसदेतल्या प्रश्नाला त्याहून कमी, कधी दुपारी आलं आणि संध्याकाळी हवं. टिपणी लिहिणं ही एक विद्या आहे. आधी काय घडलं, नियम काय सांगतो, पर्याय कोणते, आपली शिफारस काय, हे एका पानात बसवायचं. मला ते आवडू लागलं. एका म्हातारबांचं अडकलेलं प्रकरण जुन्या आदेशातलं एक कलम हुडकून मी सोडवलं होतं. त्या दिवशी घरी फोन करून बाबांना ती टिपणी वाचून दाखवली. बाबांना त्यातलं निम्मंच कळलं, पण ते ऐकत राहिले.

मात्र हेही खरं, की चांगलं काम करणाऱ्याच्या टेबलावर काम वाढतं आणि पगार दोघांचा सारखाच राहतो. वर्षाला तीन टक्क्यांची वाढ मेहनत घेणाऱ्यालाही आणि न घेणाऱ्यालाही. ज्याला आपल्या कष्टाचं मोल लवकर हातात पडलेलं हवं असतं, त्याला इथं घुसमटायला होतं. माझ्याबरोबर लागलेला एक हुशार मुलगा याच कारणानं राजीनामा देऊन बंगळूरला गेला, आणि त्यानं बरोबर केलं असं मला वाटतं. बढती न मिळाल्यास दहा, वीस, तीस वर्षांनी वरचा पगार मिळायची सोय आहे, पण तिशीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे फार.

रजांच्या बाबतीत मात्र या नोकरीला तोड नाही, हे मी आई झाल्यावर अनुभवलं. बाळंतपणाला १८० दिवस भरपगारी. त्यानंतर मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, पहिले ३६५ पूर्ण पगारावर आणि पुढचे ८० टक्क्यांवर. माझी मावसबहीण बेळगावातल्या खाजगी शाळेत शिकवत होती, तिला बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागली. मी सोडली नाही. माझ्या गावात लग्नानंतर आणि मुलानंतरही नोकरीत टिकलेल्या बायका फार थोड्या आहेत. त्यातल्या बहुतेक सरकारी आहेत, आणि त्याचं कारण या रजाच आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

आमचं घर महाराष्ट्र एकीकरण समितीचं, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचं. आजोबा १९५६ पासूनच्या प्रत्येक लढ्यात होते, बाबा १ नोव्हेंबरला काळे कपडे घालून फेरीत चालतात. लहानपणी मीही त्यांच्या खांद्यावर बसून फेरी पाहिली आहे. नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ हातात आले. नियम ५: राजकीय पक्षाचं किंवा राजकारणात भाग घेणाऱ्या कुठल्याही संघटनेचं सभासद होता येणार नाही, तिच्याशी संबंध ठेवता येणार नाही, निवडणुकीत प्रचार करता येणार नाही. मतदान करता येतं, पण कुणाला केलं ते सांगायचं नाही. नियम ९: केंद्र सरकारच्या किंवा कुठल्याही राज्य सरकारच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. कुठल्याही राज्य सरकारच्या! म्हणजे सीमाभागावरचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, त्यावर दोन्ही राज्यं रोज काही ना काही बोलतात, आणि ज्या माणसाचं गाव त्या दाव्यात आहे तो मी, मला त्यावर जाहीर लिहिता येत नाही.

नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. टेबलापलीकडे बसलेल्या कन्नड माणसाला, मराठी माणसाला, दोघांनाही वाटलं पाहिजे की ही बाई माझं काम निःपक्षपणे करील. पण त्याची किंमत आमच्यासारख्या घरातल्या माणसाला जास्त मोजावी लागते. पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या कारकुनाला नियम ५ वर्षानुवर्षं आठवतही नसेल, कारण त्याच्या गावाचा प्रश्न राजकारणाचा नाही. आमच्याकडे शाळेच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत सगळंच राजकारण आहे. १ नोव्हेंबरला मी घराबाहेर पडत नाही. १ जूनला, कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला पुढाऱ्यांची भाषणं सुरू व्हायच्या आत, अगदी सकाळी, एकटी जाऊन फुलं ठेवून येते. घरच्या गटात कुणी काही पाठवलं तर पुढं पाठवत नाही. बाबांनी एकदा विचारलं, "तुला आता आपला प्रश्न परका झाला काय गं?" मी त्यांना नियमांचं पुस्तक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नियम ५ संथपणे वाचला आणि म्हणाले, "मग तू गप्प ऱ्हा. बोलायला आम्ही आहोत." त्यांनी समजून घेतलं. सगळ्यांच्या घरी तसं होत नाही.

केंद्राच्या नोकरीनं मला भाषेच्या भिंतीपलीकडे नेऊन पोटापाण्याला लावलं, आणि बदल्यात माझा जाहीर आवाज घेतला. पगाराचा तक्ता पाहून निर्णय घेणाऱ्या आमच्या भागातल्या मुलांनी हा व्यवहार आधी नीट समजून घ्यावा, एवढंच मला कळकळीनं सांगायचं आहे.

मुंबईहून घरी यायचं तर चालुक्य किंवा हुबळी एक्सप्रेस, रात्रभराचा प्रवास, पहाटे मिरज, मग घटप्रभा, बेळगाव. लेक आईजवळ खानापूरला आणि मी तिकडं, असे दिवस काढले. माझे मिस्टर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षक, म्हणजे कर्नाटक सरकारचे नोकर. त्यांना मुंबई शक्य नव्हती. पती-पत्नीला शक्यतो एका ठिकाणी ठेवावं, असा कार्मिक विभागाचा ३० सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि जोडीदार राज्य सरकारात असला तरी तो लागू होतो. मी त्याच आधारावर कर्नाटकात बदली मागितली.

विनंती बदलीचा रस्ता लांब असतो. दोन्हीकडच्या कार्यालयांची संमती लागते, तिकडे जागा रिकामी लागते, आणि लेखी हमी द्यावी लागते की नव्या ठिकाणी ज्येष्ठता यादीत मी सगळ्यात खाली बसायला तयार आहे. स्वतःच्या विनंतीची बदली, म्हणून प्रवास भत्ता नाही, रुजू होण्याचा काळही मिळत नाही. सामान स्वतःच्या खर्चानं आणलं. पगार घटत नाही, वेतनवाढ जात नाही, दहा-वीस-तीस वर्षांच्या सोयीसाठी आधीची सेवा धरतात. जातो तो क्रम. माझ्यानंतर लागलेली मुलं आज यादीत माझ्यावर आहेत आणि त्यांची बढती आधी होणार. हमीपत्रावर सही करताना मी एका बाजूला लेकीचं वय मांडलं आणि दुसऱ्या बाजूला बढतीची वर्षं. सही केली. आजही तीच करीन. पण ज्या मुली आत्ता फॉर्म भरताना 'कुठंही चालेल' म्हणून पसंतीक्रम टाकतात, त्यांनी थांबावं. घराजवळचा विभाग पहिल्याच वेळी मिळाला तर हा क्रम वाचतो. थोडे गुण कमी पडून खालचं पद मिळालं तरी जवळचं घ्यावं, असं मी तरी म्हणेन.

बेळगावात आल्यावर नोकरीचा एक वेगळाच गुण दिसला. मुंबईतल्या कचेरीवर पाटी मराठी, हिंदी, इंग्रजी. इथं कन्नड, हिंदी, इंग्रजी. राजभाषेच्या नियमांत हिंदीच्या वापरासाठी राज्यांची क्षेत्रं पाडली आहेत, महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात, कर्नाटक 'ग' क्षेत्रात, त्यामुळं पत्रव्यवहाराची पद्धतही बदलते. मराठी कुठंच नाही, पण समोर येणारी माणसं मात्र येळ्ळूर, उचगाव, जांबोटी, निपाणीची. एक आजोबा मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन आले आणि काउंटरवर गोंधळ झाला, की हा घ्यायचा कसा. मी राज्यघटनेचं कलम ३५० काढून दाखवलं. संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. साहेब केरळचे, त्यांनी टिपणी वाचली आणि अर्ज स्वीकारून सोबत इंग्रजी सारांश जोडायचा असं ठरवून दिलं. तो सारांश मी लिहिते. कन्नड अर्ज आला तर शेजारच्या टेबलावरची कलाक्का लिहिते, आणि गर्दीच्या दिवशी आम्ही एकमेकींची मदत करतो. मला फेरीत चालता येत नाही, पण कायद्यानं जे आधीच दिलेलं आहे ते माणसाच्या हातात पडेल एवढं बघता येतं.

पेन्शनचं मात्र मनात राहतं. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. माझे दहा टक्के आणि सरकारचे चौदा टक्के बाजारात गुंतवले जातात. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांची जुनी पेन्शन पाहिली की वाटतं, त्यांनी कधी बाजाराचा आकडा बघितलाच नाही. सरकारी नोकरी म्हणजे म्हातारपणाची चिंता मिटली, असं आमच्या आईवडलांच्या पिढीला वाटतं. ते आता तितकंसं खरं नाही, आणि स्थळ बघताना तर ते हमखास सांगितलं जातं.

माझा मावसभाऊ यंदा मल्टी टास्किंग स्टाफचा, म्हणजे केंद्राच्या कचेरीतल्या शिपाई पातळीच्या नोकरीचा, फॉर्म भरतो आहे. दहावी पासवर भरता येतो, आणि २०२३ पासून ती परीक्षा मराठीतही देता येते. त्याच्यावर एका मोर्चातला जुना गुन्हा होता, त्यातून तो निर्दोष सुटला. गेल्या रविवारी आम्ही निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यासाठी न्यायालयात द्यायचा अर्ज लिहून काढला. समितीच्या युवा शाखेचं काम सोडावं लागेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो रात्रभर विचार करतो म्हणाला. सकाळी येऊन त्यानं फॉर्म उघडला आणि परीक्षेची भाषा मराठी निवडली. समितीचा राजीनामा नेमणूक आल्यावर देईन म्हणाला. मी म्हटलं, तोवर फेरीला जा, पण फॉर्मवर काही लपवू नकोस.